सुभद्राबाईची निवळ बाटली

या लेखात मी लघवी हा शब्द सरळ लिहिणार आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी पान उलटावं, माझी काही हरकत नाही. सगळी नोकरी मी त्यातच काढली. हळदीकुंकवाला कोणी विचारलं, "तुम्ही काय करता हो?" की सुरुवातीला मीही "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगून मोकळी व्हायची. पुढे वय झालं, चिडचिड वाढली आणि सांगू लागले, "लघवीचा गाळ पाहते." समोरची बाई हातातली वाटली डाळ तशीच धरून राहायची. आमच्या सासूबाई मी घरी आल्यावर आधी अंघोळ करायला लावत, मग स्वयंपाकघरात पाऊल. त्यांनाच शेवटी मधुमेह निघाला तेव्हा मात्र म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाला देऊ नको गं, तूच पाहा." त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं तेवढं पगारवाढीनंही कधी वाटलं नाही.

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका खाजगी लॅबमध्ये मी लागले तेव्हा लग्नही झालं नव्हतं. वर डॉक्टरसाहेब राहत, खाली लॅब. आम्ही सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. फार कमी बोलणारा माणूस. स्लाइड पाहताना मात्र हळूच गुणगुणायचे, आणि गुणगुणणं थांबलं की आम्ही समजायचो, काहीतरी सापडलं.

आता काम काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही नुसता रंग पाहतो. सकाळची पहिली लघवी घ्यायची, ताजी. ती काचेच्या नळीत भरून यंत्रात गरगर फिरवायची. माझ्या सुरुवातीच्या काळात ते यंत्र हाताने फिरवावं लागे, मनगट भरून यायचं. फिरवल्यावर जड ते सगळं तळाशी बसतं. वरचं ओतून द्यायचं. तळाशी जो थेंबभर गाळ उरतो, तोच आमचा खजिना. नळीला बोटाने टिचक्या मारून तो मोकळा करायचा, काचपट्टीवर थेंब घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. उजेड कमी करून पाहायचं, हे विसरायचं नाही. गाळातल्या पेशी इतक्या पारदर्शक असतात की भगभगीत उजेडात त्या दिसतच नाहीत. नवी मुलगी आली की हमखास उजेड वाढवायची आणि म्हणायची, "मॅडम, काहीच नाही." मी म्हणायची, "कमी कर बाप्पा उजेड, मग बोल."

बाटल्यांचं तर विचारूच नका. लोक घरात जी सापडेल ती आणत. केसांच्या तेलाची आणली की स्लाइडवर तेलाचे थेंबच थेंब. शरबताची आणली की धडधाकट माणसाच्या लघवीत साखर. डिसेंबरातल्या थंडीत एखादा माणूस घाबराघुबरा होऊन यायचा, बाटलीच्या तळाशी विटकरी रंग, "रक्त पडून राहिलं हो!" आम्ही नळी थोडी कोमट करायचो आणि तो रंग डोळ्यांदेखत विरघळायचा. ते क्षार, थंडीत खाली बसतात. तो माणूस असा सुटकेनं हसायचा की चहाच पाजून जाईल. एका सज्जन गृहस्थांनी नवा कोरा स्टीलचा डबा आणला, झाकणाचा, आणि न सांगता आमच्या जेवणाच्या डब्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. त्या दुपारी कोणी जेवलं नाही.

हे सगळं हसण्यावारी जातं. सुभद्राबाईचं मात्र जात नाही, आणि खरं तर तिच्यासाठीच मी लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. हुडकेश्वर तेव्हा शहरात नव्हतं, सगळी शेतं होती. तिथली एक भाजीपाला पिकवणारी बाई, चाळिशीच्या आसपासची, उंच, अंगानं काटक. ती सुभद्राबाई. तिचा थोरला मुलगा वसंता सीताबर्डीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. विशी नुकतीच ओलांडलेला. अंगावर सूज आली, उलट्या सुरू झाल्या, आणि तपासलं तर दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झालेली. नागपुरात तेव्हा मूत्रपिंड बदलत नव्हते. मुंबईच्या एका हॉस्पिटलातून निरोप आला की देणारा कोणी घरातला असेल तर त्याच्या प्राथमिक तपासण्या तिकडेच करून पाठवा, ठीक असतील तरच या. उगाच एवढा प्रवास कशाला, म्हणून.

वसंताच्या बापाचा रक्तगट जुळला नाही. खाली एक बहीण होती, ती अजून शाळेतली. आईचा जुळला. तो जुळला हे मीच तिला सांगितलं. बाई अशी हसली! "माह्यंच रगत हाय त्याच्यात, जुळंन नाई तं काय!" तिच्या दृष्टीनं काम तिथेच झालं होतं. नवऱ्याला बाहेर जाऊन मोठ्यानं सांगितलं, "मी देतो म्हटलं ना तुमाले." आमच्याकडच्या काही बायका अशाच बोलतात, मी जातो, मी देतो. मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग तिची लघवी आली. गाळ पाहिला आणि मी खुर्ची पुढे ओढली. लालपेशी होत्या. फार नाही, पण असायला नको तेवढ्या नक्की. मूत्रपिंड म्हणजे एक बारीक चाळणी समजा, रक्तपेशी तिच्यातून खाली यायला नकोत. आल्या तर चाळणी कुठेतरी बिघडली आहे. साहेबांनीही पाहिलं. गुणगुणणं थांबलं. म्हणाले, "बाईमाणूस आहे, पाळीचं रक्त मिसळलेलं असू शकतं. चार दिवसांनी परत घ्या, नीट सांगून घ्या."

मी तिला समजावायला बसले. ती साधीसुधी ऐकून घेणारी नव्हती. "काय दिसून राहिलं तुमाले? मले पाहू द्या." मला तिचं कौतुक वाटलं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःचा गाळ पाहायला मागणारे लोक किती आले असतील! मी तिला स्टुलावर बसवलं, एक डोळा मिटायला शिकवलं. पहिल्यांदा तिला आपल्याच पापण्या दिसल्या. मग डोळा काचेला तसाच लावून राहिली.

"हे बारीक बारीक गोल?"

"त्याच लालपेशी."

"लाल कुठं हायत? ताकावरल्या बुडबुड्यावानी दिसून राहिल्या. मंग लालपेशी काहून म्हन्ता?"

मला हसू आलं. म्हटलं, एकएकटी असते तेव्हा अशीच फिकट दिसते, पुष्कळ जमल्या की लाल. तिनं मान हलवली. मग तिनं सगळं विचारून घेतलं. हे खाली बसतं का? हाव, खाली बसतं. मग वरचं? वरचं आम्ही ओतून देतो, त्यात काही नसतं. "वरचं साफ असते म्हंजे?" मी म्हटलं, हो, साफ. "आन हे गोल दिसले तं माही किडनी घेनार नाईत?" मी म्हटलं, आत्ताच तसं काही म्हणता येत नाही, परत पाहू. तिनं पदर खोचला आणि गेली.

सांगितल्या दिवशी ती सकाळीच हजर. काचेची बाटली, राखेनं घासून लख्ख केलेली, आणि आतली लघवी इतकी निवळ की विहिरीचं पाणी म्हणून कोणी प्यालं असतं. मी नळी फिरवली. तळाशी काही नाही. तरी थेंब घेतला, उजेड कमी केला, पाहिलं. काहीच नाही. म्हणजे खरोखर काहीच नाही! लालपेशी नाहीत हे चांगलंच, पण बाईमाणसाच्या लघवीत त्वचेच्या चार-दोन पेशी तरी असतातच असतात. निरोगीतल्या निरोगी बाईच्याही. इथे माणसाची एकसुद्धा पेशी नाही, आणि कडेला कसले तरी दोन-तीन कण, झाडपाल्याच्या भुकटीसारखे.

पहिला विचार आला, दुसऱ्या कोणाची आणली. पण दुसऱ्या कोणाची असती तरी पेशी असत्याच ना!

मी बाहेर गेले. ती बाकावर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हटलं, "सुभद्राबाई, ही कोणाची आहे?"

"माहीच हाय. देवाची आन."

"मग आणखी थोडी इथंच द्या. आत्ता. मी येते सोबत."

ती उठली नाही. हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. शेजारचे दोघं पेशंट ऐकत होते म्हणून मी तिला आत, रिकाम्या खोलीत नेलं. तिथं ती उभीच राहिली आणि मग एका दमात बोलली. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ आलं की त्यांच्याकडे निवळीची बी उगाळून माठात घालत. रात्रभरात सगळा गाळ तळाशी बसे आणि सकाळी वरचं निवळ पाणी हलक्या हातानं काढून घेत. तिची आई करायची, तीही करायची. तेच तिनं लघवीला केलं होतं. आदल्या संध्याकाळी धरून ठेवली, निवळी उगाळून फिरवली, आणि सकाळी वरवरची तेवढी बाटलीत भरून आणली.

मी ती बाटली उजेडात धरून पुन्हा पाहिली.

"बाई," ती म्हणाली, "गाळ मायाजवळच राहू द्या ना. त्याले तं किडनी द्याची हाय, गाळ थोडीच द्याचा हाय. गाळ मी ठेवून घेतो." तिनं माझा हात धरला. शेतात काम करणारा हात, माझं मनगट पुरतं त्यात मावलं. "तुमी साफ हाय म्हून लिवा. मंबईवाल्याईले काय समजते? माह्या अंगात ताकद हाय, पाहा. मले काईच होत नाई. लिवा ना, बाई. तुमाले लेकरू हाय ना?"

मला लेकरू होतं. तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता, आणि त्या दिवशी सकाळीच त्याला डबा आवडला नाही म्हणून रडला होता. मी त्या बाईचा हात सोडवू शकले नाही. तशीच उभी राहून म्हणाले, "सुभद्राबाई, मला खोटं लिहिता येत नाही. तुमची किडनी खराब असेल आणि ती त्याला बसवली, तर तो तरी वाचेल का? आणि तुम्ही?"

"माह्यं जाऊ द्या ना, बाई."

"तुमचं कसं जाऊ द्यायचं?"

मग ती रडली. आवाज न करता, नुसतं पदरानं नाक पुसत. थोड्या वेळानं स्वतःच न्हाणीकडे गेली आणि ताजी लघवी आणून दिली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यात लालपेशी होत्या, पहिल्यासारख्याच. पाळीचा तर प्रश्नच नव्हता, हे तिनंच सांगितलं.

साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील, पण त्यांनी ती स्लाइड पुन्हा एकदा पाहिली. मग तिला आत बोलावलं आणि एक प्रश्न विचारला, जो माझ्या स्वप्नातही आला नसता.

"मुलाला ऐकू कमी येतं का?"

ती दचकली. "हाव. तुमाले कसं मालूम? शाळेत होता तवापासून. रेडिओचा आवाज मोठा ठेवते म्हून दुकानवाला बोलते त्याले."

"तुमच्या माहेरी कोणी?"

तिचा धाकटा भाऊ. अंग सुजून गेला, वसंताच्याच वयाचा असताना. तोही बहिरा होता थोडा. गावात लोक म्हणायचे, बाहेरचं झालं.

साहेबांनी चष्मा काढला. मूत्रपिंडांबरोबर कानही अधू करणारा हा आजार काही घराण्यांत आईकडून येतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, प्रत्यक्ष तोवर पाहिलं नव्हतं. बायकांच्या अंगात तो हलका राहतो, लघवीत लालपेशी दिसतात एवढंच, आणि मुलगे मात्र त्यानं जातात. ते हे सगळं तिला सांगणार नव्हते. एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्यातही तेच दुखणं थोडंसं आहे. तुमची किडनी घेता येणार नाही."

पण ती शहाणी बाई होती. भाऊ, मुलगा आणि स्वतः, तिघांना तिनं मनातल्या मनात एका ओळीत उभं केलं आणि तिला समजलं. "म्हंजे माह्याकडूनच गेलं त्याच्यात. मीच देल्लं."

साहेब म्हणाले, "दिलं नाही तुम्ही. आलं ते."

तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. बाहेर पडताना नवऱ्याला फक्त म्हणाली, "चला." त्यानं विचारलं, काय झालं. ती पुढे चालतच राहिली.

रिपोर्ट होता तसा मुंबईला गेला. तिकडून नकार आला. वसंताला औषधांवर ठेवलं, पोटात पाणी सोडून रक्त शुद्ध करण्याचाही प्रयत्न झाला, पण ते नागपुरात तेव्हा फार काळ जमण्यासारखं नव्हतं. पावसाळा संपता संपता तो गेला. बातमी त्याच्या दुकानमालकानं आणून दिली, स्वतःची लघवी तपासायला आला होता तेव्हा. मी त्याची नळी फिरवली, थेंब घेतला, आणि मला काही दिसेचना. उजेड कमी केला, जास्त केला, तरी दिसेना. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. त्याचं सगळं ठीक होतं.

वसंताच्या बहिणीला तरी तपासायला आणा, असा निरोप मी पाठवला होता. कोणी आलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते.

मी निवृत्त झाले तोवर सगळं बदललं होतं. कागदाची पट्टी बुडवली की रंग बदलतो, यंत्र पेशीसुद्धा मोजून देतं. गाळ हातानं पाहणारं कोणी उरलेलं नाही म्हणून वाईट वाटतं, पण मनगटाची आठवण झाली की तेवढंही वाटत नाही. साहेब गेले. त्यांची पुतणी मूत्रपिंडाचीच डॉक्टर झाली, ती अधूनमधून घरी येते. एकदा बोलता बोलता मी तिला ही हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "काकू, आता अशा आयांची किडनी कधीकधी घेतात. दुसरं कोणीच नसेल, आणि आईचं बाकी सगळं चांगलं असेल तर. फार विचार करून, पण घेतात." मग माझा चेहरा पाहून घाईघाईनं म्हणाली, "तेव्हा कोणीच घेतली नसती हं." मी म्हटलं, "हो." आणि चहा ठेवायला उठले. आत ओट्याशी जाऊन उभी राहिले ती पाणी उकळून आटून गेलं तरी तिथंच.

त्यानंतर काही महिन्यांनी सीताबर्डीत, व्हरायटी चौकाच्या अलीकडे, मला कोणीतरी मागून हाक मारली. "बाई! वं बाई! तुमी लघवीवाल्या बाई ना?" भर बाजारात, मोठ्यानं. चार लोक वळून पाहू लागले. मी वळले. केस पांढरे झालेले, पण उंची तीच, काटकपणा तोच. सुभद्राबाई. हुडकेश्वरची शेती केव्हाच विकली होती, तिथं आता घरं झाली होती. मुलीकडे राहत होती. मुलीला दोन मुलीच आहेत आणि दोघी ठणठणीत आहेत, हे तिनं आधी सांगितलं.

"आन मी पाहा," ती म्हणाली. "एवढी म्हातारी झालो. बीपी नाई, शुगर नाई. पोरीनं आत्ताच सगळं चेक करून आनलं. डॉक्टर म्हन्ते, आजी, तुमच्या दोन्ही किडन्या चालू हायत."

मी म्हटलं, "फार छान."

ती थोडी जवळ आली. बाजूनं ऑटो कर्कश हॉर्न वाजवत गेला तो जाईपर्यंत थांबली. मग हळू आवाजात, जवळजवळ कानात, तिनं विचारलं. "बाई, खरं सांगजा. तवा मी देल्ली असती, तं चालली असती का त्याले?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. चालली असती, नसती, वर्षभर चालली असती, दहा वर्षं चालली असती. पुतणीचे शब्द माझ्या कानात होते. आणि हीच ती बाई होती, जिचा हात धरलेला असताना मी म्हणाले होते की मला खोटं लिहिता येत नाही.

मी तिच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हटलं, "नाही, सुभद्राबाई. नसती चालली. अजिबात नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं एक लांब श्वास सोडला. "मंग बरं झालं, बाई," ती म्हणाली. "लई वर्सं तेच एक मनात घेऊन राहिलो होतो." माझ्या हातावर हात ठेवला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गर्दीत निघून गेली.

इतक्या वर्षांत मी खोटा रिपोर्ट दिला तो हा एकच. पुन्हा भेटली आणि पुन्हा विचारलं, तर पुन्हा तोच देईन.